काट्यावर न दिसणारा मेद : इन्सुलिन-प्रतिरोध, संप्रेरके आणि आपली ‘सडपातळ स्थूलता’

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात दोन डॉक्टर होते : पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील प्रा. जॉन युडकिन. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय, अगदी सारखा होता : २२.३. रूढ तक्त्यानुसार दोघेही सामान्य वजनाचे. मात्र शरीरातील मेदाचे प्रमाण मोजले, तेव्हा ते युडकिन यांच्या बाबतीत ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या बाबतीत २१.२ टक्के भरले. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून हे निरीक्षण ‘वाय-वाय विरोधाभास’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसासाठी हे छायाचित्र केवळ कुतूहलाचा विषय नाही. दवाखान्यात वजन व उंची मोजली जाते, तक्त्यातील हिरव्या चौकटीवर खूण होते आणि ‘सर्व ठीक आहे’ असे ऐकून आपण घरी येतो. हातपाय सडपातळ, पोट जरासे सुटलेले, वडिलांना मधुमेह आणि वय चाळिशीच्या पुढे, अशा व्यक्तीच्या बाबतीत तो हिरवा रंग फसवा असू शकतो. स्थूलता म्हणजे किती किलो, यापेक्षा तो मेद शरीरात कोठे साठला आहे आणि संप्रेरकांचे निरोप पेशींपर्यंत नीट पोहोचत आहेत की नाहीत, हे अधिक महत्त्वाचे ठरते. ते कसे, याचा हा आढावा.

इन्सुलिन नेमके काय करते?

जठराच्या मागे आडव्या असलेल्या स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे असतात. त्यांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. कॅनडातील टोरोंटो येथे १९२१ साली फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी, जे. जे. आर. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, हे संप्रेरक वेगळे काढण्यात यश मिळवले. जेम्स कॉलिप यांनी त्याचे शुद्धीकरण केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. पुढच्याच वर्षी बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

इन्सुलिन म्हणजे ‘साखर कमी करणारे संप्रेरक’ अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ते शरीराच्या साठवणुकीचे कारभारी आहे. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की ते एकाच वेळी तीन ठिकाणी निरोप धाडते. स्नायूंना सांगते : ग्लुकोज आत घ्या. त्यासरशी स्नायूपेशींच्या आत दडलेले ग्लुटफोर नावाचे वाहक पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोजला वाट मिळते. यकृताला सांगते : आता नवे ग्लुकोज तयार करू नका, आलेले साठवा. आणि मेदपेशींना सांगते : साठा फोडू नका, मेदाम्ले रक्तात सोडू नका. जेवणानंतर काही तासांनी इन्सुलिन ओसरते आणि हेच व्यवहार उलट दिशेने सुरू होतात. साठवणे आणि खर्चणे यांच्या या भरती-ओहोटीवरच शरीराचा संसार चालतो.

प्रतिरोध म्हणजे हाक ऐकू न येणे

इन्सुलिन-प्रतिरोध या अवस्थेत इन्सुलिन पुरेसे, किंबहुना जास्तच असते, पण स्नायू, यकृत आणि मेदपेशी त्याला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. एका हाकेत ओ देणारे घर आता चार हाका मारल्यावरच दार उघडते. स्वादुपिंड मग आवाज चढवते, म्हणजे अधिक इन्सुलिन सोडते आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवते. तपासणीचा अहवाल स्वच्छ येतो, कारण आपण साखर मोजलेली असते, तिला आवरण्यासाठी पडणारे कष्ट मोजलेले नसतात.

ही कल्पना नवी नाही. लंडनमधील हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ सालीच मधुमेहाचे दोन प्रकार असल्याचे दाखवले होते : इन्सुलिन टोचताच साखर खाली येणारा आणि इन्सुलिनला फारशी दाद न देणारा. पण रक्तातील इन्सुलिन मोजण्याचे साधनच तेव्हा नव्हते. ते न्यूयॉर्कमधील रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस विकसित केले. प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसून उलट जास्त आहे, असे त्यातून आढळले, तेव्हा वैद्यकविश्व चकित झाले. या मापनपद्धतीसाठी यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळाले, परंतु बर्सन त्यापूर्वीच, १९७२ मध्ये निवर्तले होते. पुढे १९८८ साली स्टॅनफर्डच्या जेराल्ड रीव्हन यांनी इन्सुलिन-प्रतिरोध, उच्च रक्तदाब, वाढलेली ट्रायग्लिसराइड्स आणि घटलेले एचडीएल कोलेस्टेरॉल ही एकाच माळेतील मणी असल्याची मांडणी केली. आज त्या समूहाला चयापचयी लक्षणसमूह म्हणतात.

या अवस्थेतील खरा धोका तिच्या मूकपणात आहे. प्रतिरोध वाढत राहतो, बीटा पेशी वर्षानुवर्षे जादा काम करतात आणि अखेरीस थकतात. ब्रिटनमधील मधुमेहाच्या प्रदीर्घ अभ्यासातून असे दिसले की, टाइप टू मधुमेहाचे निदान होते तेव्हाच बीटा पेशींची सुमारे निम्मी कार्यक्षमता संपलेली असते. निदानाचा दिवस हा आजाराचा पहिला दिवस नसतो, तो बराच पुढचा टप्पा असतो.

मेद कोठे साठतो, यावर सारे अवलंबून

मेदाचे सर्व साठे सारखे नसतात. मार्सेयचे फ्रेंच वैद्य जाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच नोंदवले होते की, कंबरेखाली, मांड्यांवर साठणाऱ्या मेदापेक्षा धडावर साठणारा मेद मधुमेह आणि हृदयविकाराशी अधिक निगडित असतो.

यामागचे कारण समजून घेण्यासाठी आपल्याकडची धान्याची कणगी डोळ्यांसमोर आणावी. त्वचेखालचा मेद ही शरीराची कणगी आहे. तिच्यात जागा असेपर्यंत जादा ऊर्जा तेथे सुरक्षित राहते. कणगी भरली, किंवा मुळातच लहान असली, की धान्य माजघरात, ओसरीवर सांडू लागते. शरीरात हे सांडणे पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती, यकृतात, स्वादुपिंडात आणि स्नायूतंतूंमध्ये होते. स्नायू व यकृतपेशींत मेदाचे अर्धवट विघटित रेणू साचले की इन्सुलिनचा निरोप पेशीच्या पृष्ठभागावरून आतपर्यंत नेणारी साखळी मध्येच अडखळते. पोटातील फुगलेल्या मेदात दाह निर्माण करणारी द्रव्येही तयार होतात. अशी द्रव्ये प्रतिरोध वाढवतात, हे १९९३ पासूनच्या संशोधनाने पुढे आणले.

याचा उलटा पुरावाही बोलका आहे. काही दुर्मीळ जनुकीय विकारांत त्वचेखाली मेद जवळजवळ नसतोच. अशा व्यक्ती दिसायला अतिशय कृश असतात, तरीही त्यांना तीव्र इन्सुलिन-प्रतिरोध आणि मधुमेह होतो. साठवायला कणगीच नसल्याने सारा मेद यकृतात व स्नायूंत जातो.

यकृताची कथा आणखी विचित्र आहे. प्रतिरोध आला की ग्लुकोज बनवणे थांबवण्याचा इन्सुलिनचा आदेश यकृत ऐकत नाही, मात्र मेद बनवण्याचा आदेश पाळत राहते. परिणामी साखरही वाढते आणि यकृतातील चरबीही. नियमित तपासणीत ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा मिळालेल्या आणि मद्याला स्पर्शही न करणाऱ्या अनेक मराठी गृहस्थांच्या आश्चर्याचे उत्तर येथे आहे.

भूक आणि तृप्ती यांचे दूत

शरीरातील मेद हा निर्जीव साठा नसून स्वतः संप्रेरके स्रवणारा अवयव आहे, हे १९९४ च्या अखेरीस स्पष्ट झाले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने लठ्ठ उंदरांच्या एका वाणातील सदोष जनुक शोधले. हे उंदीर अमेरिकेतील मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये प्रथम आढळले होते. ते जनुक मेदपेशींना एक संप्रेरक बनवण्यास सांगते. ग्रीक भाषेतील ‘लेप्टोस’, म्हणजे कृश, या शब्दावरून त्याला ‘लेप्टिन’ नाव मिळाले. शरीरात किती मेद शिल्लक आहे, याचा हिशेब लेप्टिन मेंदूतील अधश्चेतक या भागाला कळवते.

१९९७ साली केंब्रिजच्या सदफ फारुकी आणि स्टीफन ओराहिली यांच्या चमूने जन्मतः लेप्टिन नसलेल्या दोन लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती अविरत भुकेली असत आणि त्यांचे वजन असाधारण वाढलेले होते. लेप्टिनची इंजेक्शने सुरू करताच भूक शमली आणि वजन उतरू लागले. ‘तोंडावर ताबा नाही’ असे ज्याला आपण सहज म्हणतो, त्यामागे एका रेणूची अनुपस्थिती असू शकते, हे या मुलांनी दाखवून दिले.

तेव्हा वाटले होते की स्थूलतेवर औषध सापडले. तसे झाले नाही. बहुतेक स्थूल व्यक्तींत लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याला प्रतिसाद देत नाही. इन्सुलिनप्रमाणे येथेही हाक आहे, ओ नाही.

लेप्टिनच्या जोडीला आणखी काही दूत आहेत. जठरातून स्रवणारे घ्रेलिन, ज्याचा शोध १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी लावला, जेवणाआधी वाढते आणि भूक जागवते. अन्न आतड्यात पोहोचल्यावर तेथील पेशी जीएलपी-वन सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिनची आठवण करून देते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि मेंदूला तृप्तीचा संदेश देते. मेदपेशींतून येणारे ॲडिपोनेक्टिन पेशींची इन्सुलिन-संवेदनक्षमता वाढवते, पण स्थूलतेत नेमके तेच घटते. अधिवृक्क ग्रंथींचे कॉर्टिसॉल दीर्घकाळ जास्त राहिले, तर साखर वाढते आणि मेद धडाकडे सरकतो. दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे स्पष्ट दिसते. थायरॉइडला मात्र आपण गरजेपेक्षा अधिक दोष देतो. त्याच्या कमतरतेमुळे होणारी वजनवाढ सहसा मर्यादित असते.

वजन घटल्यावर हे दूत स्वस्थ बसत नाहीत. ऑस्ट्रेलियातील एका चमूने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आहार नियंत्रणाने वजन कमी केलेल्या व्यक्तींत लेप्टिन घटलेले आणि घ्रेलिन वाढलेले आढळले आणि वर्षभरानंतरही ते मूळ पातळीवर आले नव्हते. शरीर जणू गमावलेला साठा परत मागत होते. उतरलेले वजन पुन्हा चढणे हा निव्वळ निश्चयाचा पराभव नव्हे.

पुण्याच्या खेड्यांनी दिलेले उत्तर

आपल्याकडची कणगी लहान का? या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रातूनच आले. डॉ. याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुणे परिसरातील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. त्याला इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांची जोड होती. तेथील डेव्हिड बार्कर यांनी, गर्भावस्थेतील अपुऱ्या पोषणाचा ठसा आयुष्यभर राहतो, असा सिद्धान्त मांडला होता.

साउदॅम्प्टनची बाळे जन्मतः सरासरी सुमारे साडेतीन किलोंची, तर पुणे परिसरातील सुमारे २.७ किलोंची होती. मात्र ही घट सर्वत्र सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव बरेच लहान होते. पाठीवरच्या त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. सडपातळ दिसणारे, पण मेदाचे प्रमाण जास्त असलेले शरीर आपण आईच्या पोटातूनच घेऊन येतो, असे यातून सूचित झाले. गर्भारपणी आईच्या रक्तात बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असल्यास मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध अधिक आढळला, हा याच अभ्यासातील पुढचा निष्कर्ष. शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्हची कमतरता किती सर्रास असते, हे लक्षात घेता हा निष्कर्ष स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतो.

स्नायू कमी असणे हीच मोठी अडचण आहे, कारण इन्सुलिनच्या हाकेला ओ देऊन सर्वाधिक ग्लुकोज उचलणारे स्नायूच असतात. त्यात पुढे शहरी जीवन, बैठे काम आणि मुबलक अन्न यांची भर पडली की लहान कणगी लवकर भरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत.

देश बदलला, शरीर तेच

स्थलांतराने हे चित्र पालटत नाही. पश्चिम लंडनमधील साउथॉल येथे झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण १९ टक्के, तर युरोपीय वंशाच्या लोकांत ४ टक्के आढळले. दोन्ही गटांच्या बीएमआयमध्ये एवढा फरक पडेल अशी तफावत नव्हती. फरक होता तो कंबरेच्या घेरात आणि इन्सुलिनच्या पातळीत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को व शिकागो परिसरात चालणाऱ्या ‘मसाला’ या अभ्यासानेही दक्षिण आशियाई लोकांत स्नायू कमी आणि यकृतातील मेद अधिक असल्याचे दाखवले आहे.

इंग्लंडमधील नोंदींवर आधारित २०२१ च्या एका विश्लेषणाचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. श्वेतवर्णीय व्यक्तीला ३० बीएमआयला मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढाच धोका दक्षिण आशियाई व्यक्तीला २३.९ बीएमआयलाच असतो. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसासाठी हा फरक सुमारे ८७ किलो आणि ६९ किलो यांमधला आहे.

म्हणूनच ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार दक्षिण आशियाई व्यक्तींसाठी २३ पासून अतिवजन आणि २७.५ पासून स्थूलता धरली जाते. भारतातील तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीने स्थूलतेची रेषा २५ वर ठरवली होती. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आशियाई वंशाच्या प्रौढांत २३ बीएमआयपासूनच तपासणीचा विचार करण्यास सांगते. हे नियम कागदावर आहेत. दवाखान्यातील संगणकाचा तक्ता मात्र अनेकदा सर्वांना एकच पट्टी लावतो. अशा वेळी ‘माझ्या वंशाला लागू असलेल्या मर्यादेनुसार पाहाल का?’ असे नम्रपणे विचारणे हा रुग्णाचा आगाऊपणा नव्हे.

काय मोजावे?

इन्सुलिन-प्रतिरोध अचूक मोजण्याची पद्धत संशोधनापुरतीच आहे. उपाशीपोटी साखर व इन्सुलिन यांवरून काढला जाणारा होमा निर्देशांक ढोबळ अंदाज देतो, पण प्रयोगशाळांनुसार आकडे बदलत असल्याने एकट्या व्यक्तीच्या निदानासाठी त्याची नियमित शिफारस केली जात नाही. साध्या गोष्टी अधिक उपयोगी आहेत :

* कंबरेचा घेर : शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजावा. दक्षिण आशियाई पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही सावधतेची मर्यादा.
* घेर आणि उंची यांचे गुणोत्तर : घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. यासाठी दोरीचा एक तुकडाही पुरे. उंचीएवढी दोरी दुमडावी, ती कमरेभोवती पुरली पाहिजे.
* ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल : पहिले १५० मिलिग्रॅमच्या वर (१.७ मिलिमोल) आणि दुसरे पुरुषांत ४० (१.०), स्त्रियांत ५० मिलिग्रॅमच्या खाली (१.३ मिलिमोल), ही जोडी प्रतिरोधाकडे बोट दाखवते.
* एचबीएवनसी : अमेरिकेत ५.७ ते ६.४ टक्के ही मधुमेहपूर्व अवस्था मानतात, ब्रिटनमध्ये ४२ ते ४७ मिलिमोल. लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा वाहक असल्यास हा आकडा दिशाभूल करू शकतो, हे डॉक्टरांना सांगावे.
* त्वचा : मानेच्या मागे किंवा काखेत येणारा मखमली काळपट पट्टा घासून जात नाही, कारण तो मळ नसतो. रक्तातील जादा इन्सुलिनची ती खूण असू शकते. मुलांच्या बाबतीत याकडे विशेष लक्ष द्यावे.

स्त्रियांसाठी आणखी एक मुद्दा. इन्सुलिन वाढले की ते बीजांडकोशाला पुरुषसंप्रेरके अधिक बनवण्यास उद्युक्त करते, तर यकृतात या संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन घटवते. अनियमित पाळी, चेहऱ्यावरील केस, मुरुमे आणि गर्भधारणेतील अडचण अशी लक्षणे असलेल्या पीसीओएसमागे पुष्कळदा हीच साखळी असते. गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे टाइप टू मधुमेहाचा धोका बराच वाढतो. प्रसूतीनंतर साखर सामान्य झाली म्हणून फाइल मिटवू नये, दरवर्षी तपासणी करावी. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने मेद मांड्यांकडून पोटाकडे सरकतो, हेही ध्यानात असावे.

परतीची वाट

प्रतिरोध ही एकेरी वाट नाही. अमेरिकेतील २००२ च्या प्रसिद्ध चाचणीत, मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी सात टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवले, तेव्हा मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या औषधाने ते ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या चाचणीत भारतीयांमध्येही जीवनशैलीतील बदलाने सुमारे २८ टक्के घट दिसली. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या चाचणीत, मधुमेह होऊन सहा वर्षे न झालेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के रुग्ण कमी उष्मांकाच्या आहाराने वर्षभरात औषधांविना मधुमेहमुक्त पातळीवर आले. यकृत व स्वादुपिंडातील सांडलेला मेद आधी उतरतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

आहाराविषयी मराठी घरांत मतभेद आहेत आणि ते रोचक आहेत. ‘इन्सुलिन’ हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांना जाते. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली, दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची त्यांची पद्धत परदेशातील मराठी मंडळांतही पोहोचली. वारंवार खाल्ल्याने वारंवार इन्सुलिन स्रवते, हे तिचे सूत्र शरीरशास्त्राला धरून आहे. प्राग येथील २०१४ च्या एका छोट्या चाचणीत मधुमेही रुग्णांना समान उष्मांक सहा ऐवजी दोन जेवणांत दिल्यावर वजन व यकृतातील मेद अधिक घटला होता. दुसरीकडे, चीनमधील २०२२ च्या चाचणीत उष्मांक सारखेच कमी केल्यावर खाण्याच्या वेळा आखल्याचा वेगळा लाभ दिसला नाही. स्थूलतेचे मूळ इन्सुलिनमध्ये की एकूण उष्मांकात, हा वाद शास्त्रज्ञांतही मिटलेला नाही. व्यवहारात एवढे म्हणता येईल : दोन जेवणांच्या मधला चहा-बिस्किटांचा, फरसाणाचा रतीब थांबणे बहुतेकांच्या हिताचे. मात्र इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याविना जेवणे गाळू नयेत.

ताटात काय आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसले. पोहे, पोळी, भात, बटाट्याची भाजी आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी, हे सारे एकाच बाजूचे पारडे जड करते. पोळीचा त्याग करण्याची गरज नाही. एक पोळी कमी करून तेथे मटकीची उसळ, घट्ट वरण, पनीर, अंडे किंवा मासळी यावी आणि पालेभाजीची वाटी मोठी व्हावी. भाताऐवजी भाकरी एवढाच बदल केला आणि भाकऱ्यांची संख्या वाढली, तर हाती फारसे लागत नाही.

व्यायामाचे महत्त्व वजन घटण्यापलीकडचे आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या निरोपाशिवायही ग्लुकोजचे वाहक पृष्ठभागावर आणतो. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालणे म्हणजे स्वादुपिंडाला दिलेली विश्रांतीच. आणि आपली अडचण मुळात कमी स्नायूंची असल्याने चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा तरी वजने उचलणे, बैठका, जोर असा ताकदीचा व्यायाम हवा. झोपेचेही तसेच. शिकागोतील संशोधनात निरोगी तरुणांना काही रात्री चारच तास झोपू दिल्यावर त्यांची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता घटलेली दिसली. मध्यरात्री भारतातील कार्यालयाशी बैठका करणाऱ्यांनी आणि आखातात रात्रपाळी करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे.

औषधांच्या क्षेत्रात संप्रेरकांच्या ज्ञानाने मोठी झेप घेतली आहे. जीएलपी-वनसारखे काम करणाऱ्या सेमाग्लुटाइडने एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारे १५ टक्के घटले. दोन संप्रेरकांचे काम करणाऱ्या टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. स्थूलता हा दीर्घकालीन विकार असल्याचेच हे द्योतक. या औषधांनी मेदाबरोबर स्नायूही घटतात, त्यामुळे आपल्यासारख्यांनी पुरेशी प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम यांना सोडचिठ्ठी देऊ नये. ब्रिटनमध्ये टिर्झेपाटाइडसाठीची बीएमआयची अट दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी साधारणपणे २.५ ने शिथिल आहे. ही माहिती मागितल्याशिवाय मिळेलच असे नाही. समाजमाध्यमांवरून मागवलेल्या कुपीपेक्षा डॉक्टरांची चिठ्ठी बरी, हे सांगणे न लगे.

भारतीय उपखंडातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका जगातील इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षे आधी येतो, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवले. घर उभे करण्यात, मुलांच्या शाळांत आणि व्हिसाच्या कागदपत्रांत आपली चाळिशी निघून जाते, तीच या आजाराची मूक वर्षे असतात. पुढच्या तपासणीला जाण्यापूर्वी दोरीचा तो तुकडा कमरेभोवती लावून पाहावा. ती पुरली नाही, तर तक्ता हिरवा असला तरी पुढचा प्रश्न विचारायला हरकत नाही.